नेलपॉलिश लावलेलं टोक

आवाज येत होता, जात होता, आणि मधूनच अशी घूं सुटत होती की टेबलावरचा स्क्रूंचा डबा थरथरायचा. सुरभी ठोंबरेने गिटारच्या तारांवर सगळा तळहात ठेवला. घूं तशीच. मग तिने हात उचलून, वायर जिथे गिटारीत खुपसतात त्या धातूच्या भोकाच्या कडेला, म्हणजे जॅकला, नुसतं एक बोट टेकवलं. घूं बसली. बोट काढलं, पुन्हा सुरू.

"हे बघ रोहिदास," ती म्हणाली, "तुझ्या गिटारीला एक नाय, तीन दुखणी हायत. आणि तू मला टाइम दिलास तीन तासांचा."

रोहिदास स्टुलावर अर्धा बसला होता आणि अर्धा उठला होता. डोंगरालगतच्या वाडीतला हा सव्वीस वर्षांचा ठाकूर पोरगा बेंजो पार्टीत गिटार वाजवायचा. पार्ट्या तालुक्यात पन्नास, पण हळदीला गिटार आणणारी ही एकच, त्यामुळे सुपारी द्यायला येणारे लोक पार्टीचं नाव न घेता 'गिटारवाले' असंच म्हणायचे. आणि आज दुपारी चारला भिवपुरीकडच्या एका शेतात हळद होती, आणि सकाळी उठून तार छेडावी तर गिटारीने तोंड मिटलेलं.

मे महिना, शनिवार. भिसेगावातल्या तिच्या आठ बाय दहाच्या दुकानात पंखा होता, पण डाग देताना वाऱ्याने सोल्डर धड बसत नाही म्हणून तो बंद. घाम कपाळावरून भुवईत, भुवईतून डोळ्यात. सुरभीने ओढणीने कपाळ पुसलं आणि गिटारच्या पोटावरचं प्लास्टिकचं झाकण उघडलं.

पहिलं दुखणं लौकर सापडलं. गिटारीत तारांच्या खाली दोन पिकअप असतात. पिकअप म्हणजे लोहचुंबकावर हजारो वेढे गुंडाळलेली केसासारखी तांब्याची तार. वर पोलादी तार हलली की खाली तिला कळतं आणि तो निरोप आवाज मोठा करणाऱ्या अँपला जातो. सुरभीने मीटरची टोकं मानेकडच्या पिकअपला लावली. आकडा आला, सात हजार ओहम आणि वर थोडं. हा जिवंत. पुलाकडच्याला, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात त्या धातूच्या पट्टीकडच्याला लावली, मीटर गप्प. कुठेतरी तार तुटलीय, आणि कुठे तुटलीय ते त्या हजारो वेढ्यांच्या आत असलं तर आजची हळद विसरायची.

रोहिदास नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला, डॉक्टरने पोटावर हात ठेवल्यावर आई बघते तसा.

तिने डोळ्याला भिंग लावलं. ह्या भिंगाखाली तिची अकरा वर्षं गेली होती. खालापूरच्या अलीकडे एका कारखान्यात विजेची मीटरं बनायची, तिथे कॉइलच्या टोकांना डाग द्यायच्या लाइनवर ती बारावी झाल्या झाल्या लागली. दिवसाला सहाशे टोकं. सुपरवायझर म्हणायचा की हिचा डाग बघावा, जसं काही मोगऱ्याच्या कळीचं टोक. मग कारखान्याने लाइनच दुसऱ्या राज्यात नेली आणि बायांच्या हातात एकेक पाकीट ठेवलं. बाकीच्या फार्महाउसवर झाडलोटीला गेल्या. सुरभी भिसेगावच्या पोपटमामाच्या दुकानात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की मला डाग देता येतो, बाकी काय येत नाही, शिकवा. मामा तिचा सख्खा मामा नव्हे. सगळ्या गावाचा मामा. चाळीस वर्षं रेडिओ, टेप, बेंजो, लाउडस्पीकर, काय येईल ते दुरुस्त करणारा म्हातारा. त्याने तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि फुटकी कॅसेट-मशीन पुढ्यात सरकवली. नवरा संतोष खोपोलीला कामाला, तो काही बोलला नाही. सासू मात्र चार महिने 'रेडिओवाली' म्हणून हाक मारत होती. पाचव्या महिन्यात सासूचा टीव्ही बंद पडला आणि हाक बदलली.

आता मामाचे हात थरथरतात. दोन वर्षांपूर्वी त्याने दुकानाची किल्ली तिच्या हातात दिली आणि खालापूरला लेकीकडे राहायला गेला.

भिंगाखाली तार दिसली. कॉइलच्या आत नव्हे, बाहेर येते तिथेच, डाग दिलेल्या जागी हिरवट पडून सुटलेली. सुरभीने श्वास सोडला. पातीच्या टोकाने हिरवं खरवडलं, एक वेढा उलगडून घेतला, श्वास धरून डाग दिला. मीटर लावला. आकडा आला. रोहिदास पहिल्यांदा पुरता स्टुलावर बसला.

दुसरं दुखणं नुसतं मळाचं होतं. आवाज कमीजास्त करायचा कंट्रोल हळदीच्या सीझनमध्ये हळदच खातो. आत पिवळा गाळ साचलेला. तो फवाऱ्याने धुतला. एक वाजून गेला होता. राहिली ती घूं.

तारांना हात लावून घूं जात नाही आणि जॅकला लावून जाते, ह्याचा अर्थ तिला तोंडपाठ होता. गिटारीत पुलाखालून एक वायर निघते आणि कंट्रोलच्या पाठीला जोडलेली असते. तिच्यामुळे तारा अर्थिंगला लागतात, वाजवणाऱ्याचं अंग तारांना टेकतं आणि घूं मरते. ती वायर इथे नसणार. तिने झाकणाखाली बोट घालून चाचपलं. वायर होती. पुलाखालून निघून तीन इंच आली होती आणि तिथे कापलेली होती. टोकाला कसलासा लाल ठिपका. नखाने खरवडलं तर नेलपॉलिश.

"कुणी हात लावला होता रं हिला, माझ्या आधी?"

रोहिदासला माहीत नव्हतं. गिटार त्याने पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या पार्टीच्या म्हाताऱ्या वादकाकडून घेतली होती, आणि त्याला ती एका फार्महाउसच्या मालकाने दिली होती. घूं पहिल्यापासून होतीच. तो म्हणाला, "ती असतेच ताई. सगळ्यांच्यात असते. गाणं चालू झालं का कुणाला ऐकू येते?"

सुरभीला राग आला. रोहिदासचा नव्हे, ज्याने कुणी आळसाने ही वायर कापून, वर नेलपॉलिश थापून झाकण बंद केलं होतं, त्याचा. अर्धवट सोडलेली वायर तिला बघवत नसे. कारखान्यात एक टोक सुटलं तर सगळी पेटी परत यायची. तिने नेलपॉलिश साफ खरवडून काढलं, वायरला दोन इंचाचा तुकडा जोडला आणि कंट्रोलच्या पाठीवर असा डाग दिला की तिचं तिलाच बरं वाटलं. अँप लावला. तारांवर तळहात ठेवला.

काहीच ऐकू आलं नाही. मग रोहिदासने एक तार छेडली, आणि नुसती तीच ऐकू आली. आजूबाजूला काही नाही, मागे काही नाही, विहिरीत खडा टाकावा तसा एकटा सूर. त्याने दुसरी छेडली. मग हळदीच्या गाण्याची एक ओळ वाजवली, आणि ओळ संपल्यावरही मान वर केली नाही.

"ही माझीच हाय ना?" तो म्हणाला.

अडीचला त्याने गिटार पाठीला लावली आणि मोटरसायकल काढली.

*

अवघड काम उरकलं की सुरभी मामाला फोन करायची. हे रोजचंच होतं. म्हातारा पलीकडे हूं हूं करत ऐकायचा, मध्येच एखादा प्रश्न असा विचारायचा की केलेलं काम पुन्हा उघडून बघावंसं वाटायचं. सव्वातीन वाजले होते. तिने डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि फोन कानाशी धरला.

पिकअपचं सांगितलं. मामा म्हणाला की हिरवं पडलं होतं म्हणजे कुणीतरी पूजेचं पाणी वर सांडलंय. हळदीचा गाळ सांगितला, तो हसला. मग ती म्हणाली की मामा, आणि हमिंग बी काढली. कुणा येड्याने तारांची अर्थिंगच कापून ठेवली होती, वर नेलपॉलिश लावून.

पलीकडे काहीच नाही. फोन कट झाला असं वाटून तिने पडद्याकडे बघितलं. चालू होता.

"लाल?" मामाने विचारलं.

"काय?"

"नेलपॉलिश. लाल हुतं?"

"हां."

"ती मी कापली गं," म्हातारा म्हणाला. "मीच."

भाकरीचा तुकडा तिच्या हातातच राहिला. मामा घाईघाईने बोलायला लागला. घाई झाली की त्याचे शब्द अडकायचे, आणि आता एकेक शब्द अडकत होता. त्याने सांगितलं ते असं. हळदीचा मांडव शेतात घालतात, घरचं मीटर लांब. दोनशे फूट वायर एकदा ओढायची ती जीवावर येते, दोनदा कोण ओढतो? मग लोक एकच वायर आणतात, करंट आणणारी, फेजची. करंट परत नेणाऱ्या न्यूट्रलच्या जागी मांडवाच्या बाजूला लोखंडाची सळई ठोकतात आणि भागवतात. सळई ओली आहे तोवर ठीक. उन्हाने जमीन सुकली की परतीची वाट अडते आणि जो करंट जमिनीत जायचा तो न्यूट्रलच्या बाजूला जे जे काही लावलेलं आहे त्यावर चढून बसतो. आणि पार्टीवाल्यांचे अँप कसले? घूं कमी व्हावी म्हणून त्यांनी अँपचा पत्र्याचा डबा न्यूट्रललाच बांधलेला. डब्यातून वायरीत, वायरीतून गिटारीत.

"आणि गिटारीतून तारांत," सुरभी म्हणाली.

"पूर्वी एकाला करंटनं धरलं हुतं माज्या डोळ्यादेखत. मांडवात देवक, चपला बाहेर. अनवाणी उभा, खाली सडा घातलेला. बोटं अशी मिटली गं तारांवर, सुटंनात. वाचला तो. पन डावा हात गेला त्याचा. तवापास्नं तालुक्यातलं जे वाद्य माज्याकडं आलं त्याची ती वायर मी कापली, आन् टोक कशाला टेकू नये म्हनून वर नेलपॉलिश लावलं. घूं तर घूं. मानूस ऱ्हातो ना." मामा थांबला. "तुला सांगायचं ऱ्हाऊन गेलं, पोरी. मला वाटलं तुला कळंल."

ती उभी राहिली होती. कधी उभी राहिली तिचं तिला कळलं नव्हतं.

रोहिदासचा फोन लागला. वाजला, वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा वाजून बंद. पार्टीतल्या दुसऱ्या कुणाचा नंबर तिच्याकडे नव्हता. ज्याच्या घरी हळद त्याचं नाव हिरू, एवढंच रोहिदासच्या बोलण्यात आलं होतं; पॉवरहाउसच्या अलीकडे, रस्त्याला लागून शेत. तिने टेस्टर आणि वायर कापायचं कटर पर्समध्ये टाकलं, शटर अर्धंच ओढलं आणि स्कूटीला किक मारली. बटणाने सुरू होणारी स्कूटी. पण बटण तिला सुचलंच नाही.

*

नदीचा पूल सुटला आणि चारफाट्यावर गाड्यांची रांग लागलेली. शनिवार, मुंबईहून फार्महाउसला निघालेल्या गाड्या, काचा वर, आत थंडगार. सुरभी कडेच्या मातीत उतरली आणि गाड्यांच्या पोटाला आरसा घासत पुढे सरकली. एकाने काच खाली करून काहीतरी सुनावलं. तिने ऐकलं नाही. ती हिशोब करत होती, पण तो वेळेचा नव्हता. सकाळी मांडव घातला तेव्हा सळईवर पाणी ओतलं असेल. नऊ वाजता समजा. आता साडेतीन. मेचं ऊन. किती वेळ ओली राहते सळई? तिला ठाऊक नव्हतं. कारखान्यात असं काही शिकवलेलं नव्हतं. तिथे भिंतीत तीन भोकांचा सॉकेट होता आणि तिसऱ्या भोकाच्या मागे काय आहे ते बघायची वेळ अकरा वर्षांत आली नव्हती. तिच्या दुकानातही तसाच सॉकेट. म्हणूनच तर तारांवर तळहात ठेवून तिला छान वाटलं होतं.

फाटा सुटल्यावर रस्ता मोकळा मिळाला. एकदा थांबून तिने पुन्हा फोन लावला. वाजला आणि बंद झाला. ज्याचे दोन्ही हात गिटारीवर आहेत तो फोन कसा उचलणार, हे तिला फोन ठेवताना सुचलं आणि तिने पीळ तुटेपर्यंत ॲक्सिलरेटर पिळला.

मांडव दिसायच्या आधी ऐकू आला. ढोलकी, ताशा, बेंजो, आणि त्यांच्या डोक्यावरून गिटार. अशी स्वच्छ की वळणावरूनही एकेक सूर वेगळा मोजावा. दुपारी जो आवाज ऐकून तिचा जीव सुपाएवढा झाला होता, तोच आता कानात पडला तशी तिने स्कूटी आणखी रेटली. वाजतोय म्हणजे अजून उभा आहे. ती मनाशी एवढंच म्हणत राहिली.

कापलेल्या भाताच्या खाचरात मांडव होता. हिरवं कापड, आंब्याच्या डहाळ्या, बाहेर चपलांचा ढीग. आत पिवळ्या बल्बांची माळ दिवसाढवळ्या पेटवलेली, आणि बल्ब उतरलेले, आजाऱ्याच्या डोळ्यांसारखे. दोन पंखे फिरत होते, पाती मोजता येतील एवढे हळू. सुरभीला दुसरं काही बघायची गरज राहिली नाही. सळई सुकली होती.

रोहिदास मांडवाच्या पार पलीकडच्या टोकाला उभा होता. अनवाणी. पायाखाली सतरंजी होती, कोरडी. तेवढ्यावर तो निभावला होता. पण त्या घराची एक रीत होती: नवऱ्या मुलाला हळद लावायच्या आधी वाजंत्र्यांचे पाय धुवायचे, त्यांना हळदीचं बोट लावायचं, मग पुढे. मुलाची आजी अंबाबाई, नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पाण्याची घागर घेऊन ढोलकीवाल्याच्या पायावर पाणी घालत होती. पाणी सतरंजीत मुरत पसरत चाललं होतं. ताशेवाला दुसरा. बेंजोवाला तिसरा. चौथा रोहिदास, आणि वाजवण्यात डोळे मिटलेला.

सुरभी ओरडली. ताशापुढे तिचा आवाज तिलाही आला नाही.

मांडवाच्या खांबाशी, तिच्यापासून दोन हातांवर, ती सळई होती. जमिनीतून वीतभर वर आलेली, तिला वायरीचा वेढा मारलेला, आजूबाजूची माती भेगाळलेली. तिचा हात सरळ त्या वायरीवर गेला. ओढली की झालं, सगळंच बंद. बोटं वायरीला टेकली आणि तिथेच थांबली. ही ओढली तर बल्ब विझतील, पंखे थांबतील, आणि लोकांना वाटेल लाइट गेली. पण फेज तसाच येत राहील. त्याला परत जायला जमिनीची वाट उरणार नाही, आणि तो सगळाच्या सगळा अँपच्या डब्यातून तारांवर जाऊन उभा राहील. तिने हात असा मागे घेतला की कोपर खांबावर आपटलं.

मग ती पळाली. बायांच्या मधून, हळदीच्या ताटाला धक्का देऊन, कुणाच्या तरी मांडीवर पाय देऊन. स्पीकरच्या मागे लाकडी बोर्ड होता, त्यात तीन पिना. एक काळी, दोन पांढऱ्या. अँपची कोणती? घागर बेंजोवाल्याच्या पायावरून उचलली गेली होती. तिने अँपच्या पाठीपासून डोळ्याने वायर धरली, गुंतवळ्यातून आणली, काळ्या पिनेपर्यंत आणली, आणि पिनेचं प्लास्टिक मुठीत धरून उपटली.

गिटार बंद झाली. एकेक करून ताशा थांबला, ढोलकी थांबली. रोहिदासने डोळे उघडले. त्याच्या पायावरून पाणी वाहत होतं.

*

आधी सगळेच तिच्यावर तुटून पडले. मुलाचा बाप हिरू, उघड्या अंगावर टॉवेल, आला तो सरळ अंगावरच. कोण गं तू बाय, कुणाच्या हळदीत येऊन वायरी उपटतेस, तुझं काय घोडं मारलंय आमी. रोहिदास मध्ये पडला आणि म्हणाला की ह्या सुरभीताई, गिटारीच्या. त्याने लोकांचं समाधान झालं नाही, उलट वाढलं. पैसे राहिले असतील म्हणून आली, असं कुणीतरी मागून म्हणालं.

सुरभीने बोलायचा प्रयत्न केला, पण त्या गलक्यात कुणी ऐकेना. मग तिने बोलणं सोडलं. रोहिदासच्या गळ्यातून गिटार काढून घेतली, प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवली, सगळ्यांना हाताने मागे सारलं आणि पिन परत खुपसली. पर्समधून टेस्टर काढला. दांड्याचं प्लास्टिक चिमटीत धरलं, वर बोट ठेवलं आणि टोक गिटारच्या तारेला लावलं.

टेस्टरमधला दिवा लालभडक पेटला.

लोक दोन पावलं मागे सरले. टेस्टर गावात प्रत्येक घरात असतो. तो पेटला म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही.

"आजी," सुरभी म्हणाली, "घागरीत पानी हाय? त्या सळईवर घाला. सळईला हात नका लावू. लांबूनच."

म्हातारीने घातलं. माती पाणी पीत गेली, चर्र झाल्यासारखं वाटलं. आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर माळेतले बल्ब उजळले, पंखे जोरात फिरायला लागले आणि टेस्टरमधला दिवा बारीक होत होत विझला.

अंबाबाई रिकाम्या घागरीकडे बघत होती. सकाळपासून सळईवर पाणी घालायचं काम तिचंच होतं. बल्ब उतरले की घालायचं, असं हिरूने सांगून ठेवलं होतं. पण पाहुणे यायला लागले, हातातलं काम सोडवेना.

"मंजी," ती हळूच म्हणाली, "तू पिन उपटायच्या आदीच मी त्येच्या पायावं पानी घातलं असतं तर..."

हिरूने टॉवेलने तोंड पुसलं आणि पुसतच राहिला.

मग रोहिदासने विचारलं. तो खुर्चीवरच्या गिटारीकडे बघत होता. "ताई, पन पाच वर्सं मी हेच वाजवतोय. अशेच मांडव, अशीच सळई. काय नाय झालं कदी. मंग आजच कसं?"

हे तिला टाळता आलं असतं. मांडवातल्या वायरिंगवर सगळं ढकललं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं. हिरू तर मान खाली घालून उभाच होता. तिने पर्समधून कटर काढलं.

"तारांची अर्थिंग कापलेली होती म्हनून तू वाचलास पाच वर्सं," ती म्हणाली. "पोपटमामानं कापली होती. आज दुपारी मी जोडली."

रोहिदास पायाच्या अंगठ्याने ओली सतरंजी दाबत राहिला. पाणी वर यायचं, खाली जायचं.

"दुकानात आवाज चांगला लागला," तो शेवटी म्हणाला.

"हां."

"कापा."

तिने पिन काढली, झाकण उघडलं. दुपारचा तो डाग अजून चकचकत होता. तिने वायर पुलाच्या बाजूला जवळ कापली, टोकाला टेप गुंडाळली, वर झाकण लावलं. तोवर हिरूला तिने सांगितलं होतं की घरच्या मीटरपासून दुसरी वायर आल्याशिवाय ही पिन ती कुणाला लावू देणार नाही, हळद उद्या लागली तरी चालेल. हिरूने वाद घातला नाही. दोन पोरं सायकलवरून वायर आणायला गेली. पाऊण तास सगळे बसून राहिले. बायांनी नुसत्या टाळ्यांवर दोन गाणी म्हटली. अंबाबाईने सुरभीच्या हातात चहाचा पेला दिला आणि तिच्या कोपराला फुटलेलं रक्त पदराने टिपलं.

दुसरी वायर आली. सळई उपटून बांधावर टाकली. सुरभीने तारांना, अँपच्या डब्याला, स्पीकरच्या पत्र्याला, सगळ्याला टेस्टर लावून बघितला, मग रोहिदासला हात केला. त्याने गिटार गळ्यात घातली. घूं सुरू झाली. जुनी, जाडी, मांडवभर. तो क्षणभर थांबला, मग त्याने वाजवायला घेतलं आणि ताशा त्यावर चढला.

सुरभी चपला शोधत बाहेर आली. ढिगात एकच सापडली. ती एक पायात घालून, दुसरा पाय तापलेल्या मातीवर उचलून धरून उभी होती आणि तेव्हा तिला आठवलं.

ही पहिली नव्हती.

ह्या सीझनमध्ये तिने असं टोक आणखी दोनदा जोडलं होतं. लाल ठिपका तेव्हाही होता. तिने तो मळ समजून खरवडला होता. एक बेंजो, कडावच्या पार्टीचा, पण तो मागच्या आठवड्यात पडून फुटला आणि माळ्यावर गेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसरी गिटार. खालापूरकडच्या अक्षयची. त्याने दहा दिवसांपूर्वी नेली, आणि नेताना सांगितलं होतं की महिनाभर एक दिवस मोकळा नाही.

शनिवार. लग्नाची तिथी. साडेपाच.

तिने नंबर लावला. फोन वाजायला लागला. मागे मांडवात गिटार घुमत होती. तिने दुसऱ्या कानात बोट घातलं. वाजत होता. चपलेतला पाय आणि उघडा पाय, दोन्ही तिने जमिनीवर रोवले. सहाव्यांदा वाजला. सातव्यांदा. आणि मग पलीकडे एकदम ताशांचा गलका उसळला, आणि त्यातून ओरडल्यासारखा एक आवाज आला, "हां ताई, बोला, मांडवात हाय, जरा मोठ्यानं बोला."

"अक्षय," ती म्हणाली, "फोन उचललास म्हंजे हात मोकळे हायत तुझे. तशेच ठेव. गिटारीला लावू नको. मी सांगते तवर कशालाच लावू नको."